इलेक्ट्रॉनिक्समधील मूलभूत सूत्रे

इलेक्ट्रॉनिक्समधील मूलभूत सूत्रे म्हणजे विद्युत परिपथातील विभवांतर, विद्युतधारा, रोध, शक्ती, धारिता, वारंवारता इत्यादी राशींचे परस्परसंबंध सांगणारी गणिती विधाने होत. या सूत्रांच्या साहाय्याने परिपथ जोडण्यापूर्वीच त्यातील घटकांची मूल्ये ठरवता येतात, तसेच बिघडलेल्या परिपथातील दोष शोधता येतो. त्यांसाठी लागणारे गणित गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ यांच्या पलीकडे फारसे जात नाही. तरीही उत्तर उपयोगी ठरण्यासाठी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: सर्व राशी योग्य एककांत असणे आणि घटकाच्या सहनमर्यादेची स्वतंत्र पडताळणी करणे. या लेखातील उदाहरणे परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावात नित्य आढळणाऱ्या साधनांवर, म्हणजे सौरदिवा, रेडिओ, स्टॅबिलायझर आणि विहिरीवरील पंप यांवर आधारलेली आहेत.

राशी आणि एकके

विभवांतराचे एकक व्होल्ट, विद्युतधारेचे ॲम्पिअर, रोधाचे ओहम, शक्तीचे वॅट, ऊर्जेचे ज्यूल, धारितेचे फॅरड, प्रवर्तकतेचे हेन्री आणि वारंवारतेचे हर्ट्झ आहे. व्यवहारात यांपैकी अनेक एकके फार मोठी किंवा फार लहान पडतात. म्हणून पुढील उपसर्ग वापरले जातात.

मेगा = १०,००,००० पट
किलो = १,००० पट
मिलि = १,०००वा भाग
मायक्रो = १०,००,०००वा भाग
पिको = मायक्रोचा १०,००,०००वा भाग

सूत्रात मूल्य घालताना उपसर्ग काढून मूळ एकक वापरावे. २० मिलिॲम्पिअर म्हणजे ०.०२ ॲम्पिअर आणि ४.७ किलो-ओहम म्हणजे ४,७०० ओहम. नवशिक्यांच्या बहुतेक चुका सूत्रात नसून या रूपांतरात असतात.

ओहमचा नियम

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा नियम मांडला. तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना वाहकातून वाहणारी विद्युतधारा त्याच्या दोन टोकांमधील विभवांतराच्या समप्रमाणात असते.

विभवांतर = विद्युतधारा × रोध
विद्युतधारा = विभवांतर ÷ रोध
रोध = विभवांतर ÷ विद्युतधारा

१२ व्होल्टच्या बॅटरीला ६०० ओहमचा रोधक जोडल्यास १२ ÷ ६०० = ०.०२ ॲम्पिअर, म्हणजेच २० मिलिॲम्पिअर धारा वाहते. हा नियम सर्व घटकांना सरसकट लागू पडत नाही. डायोड, एलईडी व ट्रान्झिस्टर यांसारख्या अर्धसंवाहक घटकांत विभवांतर थोडे वाढले तरी धारा अनेक पटींनी वाढते. त्यामुळे अशा घटकांभोवतीच्या रोधकांना ओहमचा नियम लावून परिपथाची आकडेमोड केली जाते.

विद्युत शक्ती आणि ऊर्जा

शक्ती = विभवांतर × विद्युतधारा
शक्ती = विद्युतधारेचा वर्ग × रोध
शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध
ऊर्जा = शक्ती × काळ

पहिले सूत्र सरळ धारेच्या सर्व परिपथांना लागू आहे. पुढील दोन ओहमच्या नियमावरून निघतात व केवळ रोधासाठी वापरावीत. ऊर्जेचे व्यावहारिक एकक किलोवॅट-तास असून वीजबिलात त्यालाच 'युनिट' म्हणतात.

वर्गाचा परिणाम लक्षणीय असतो. २३० व्होल्टवर १,००० वॅट शक्ती घेणाऱ्या शेगडीचा रोध सुमारे ५३ ओहम असतो. दाब १८० व्होल्टपर्यंत उतरल्यास दाबातील घट सुमारे २२ टक्के होते, पण शक्ती सुमारे ६१० वॅटवर येते, म्हणजे जवळजवळ ३९ टक्क्यांनी घटते.

रोधकावर खर्च होणारी शक्ती उष्णतेत रूपांतरित होते. म्हणून रोधकाचे ओहममूल्य काढल्यावर त्याची वॅटमर्यादाही पाहावी लागते. बाजारात पाव, अर्धा, एक व दोन वॅटचे रोधक सर्वसाधारणपणे मिळतात.

एकसर आणि समांतर जोडणी

एकसर जोडणीत सर्व रोधकांतून एकच धारा वाहते आणि विभवांतर विभागले जाते. समांतर जोडणीत विभवांतर समान असते आणि धारा विभागली जाते.

एकसर जोडणी: एकूण रोध = पहिला रोध + दुसरा रोध + तिसरा रोध
दोन रोधांची समांतर जोडणी: एकूण रोध = (पहिला × दुसरा) ÷ (पहिला + दुसरा)

समांतर जोडणीतील एकूण रोध नेहमी त्यातील सर्वांत लहान रोधापेक्षा कमी येतो. उत्तर याविरुद्ध आल्यास आकडेमोड चुकली असे समजावे. धारित्रांच्या, म्हणजे कपॅसिटरच्या, बाबतीत हे नियम उलट असतात: समांतर जोडणीत धारितांची बेरीज होते, तर एकसर जोडणीत गुणाकार भागिले बेरीज हे सूत्र लागू पडते.

किर्खहोफचे नियम

गुस्ताफ किर्खहोफ यांनी १८४५ साली दोन नियम मांडले. परिपथातील कोणत्याही सांध्यापाशी येणाऱ्या धारांची बेरीज तेथून जाणाऱ्या धारांच्या बेरजेइतकी असते. तसेच कोणत्याही बंद वेढ्यातील विभवांतरांची चिन्हांसह बेरीज शून्य असते. पहिला नियम विद्युतप्रभाराच्या अक्षय्यतेवर व दुसरा ऊर्जेच्या अक्षय्यतेवर आधारलेला आहे. पुढील उदाहरणांत बॅटरीच्या विभवांतरातून एलईडीचे विभवांतर वजा केले जाते, ते दुसऱ्या नियमानुसार.

एलईडीसाठी रोधक

रोध = (पुरवठ्याचे विभवांतर − एलईडीचे विभवांतर) ÷ अपेक्षित धारा

पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३.२ व्होल्ट, तर तांबड्यावर सुमारे २ व्होल्ट विभवांतर राहते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर एक पांढरा एलईडी २० मिलिॲम्पिअरने पेटवायचा असल्यास (१२ − ३.२) ÷ ०.०२ = ४४० ओहम रोध लागतो. बाजारात मिळणारे त्यावरचे प्रमाण मूल्य ४७० ओहम आहे. त्यातून सुमारे १८.७ मिलिॲम्पिअर धारा वाहते व रोधकावर ०.१६ वॅट शक्ती खर्च होते. पाव वॅटचा रोधक पुरेसा वाटतो.

परंतु सौरदिव्यातील १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी प्रभारित होत असताना तिच्या टोकांवर सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत दाब असतो. त्या वेळी हीच धारा २३.८ मिलिॲम्पिअर व रोधकावरील शक्ती ०.२७ वॅट होते. पाव वॅटची मर्यादा ओलांडली जाते. येथे ५६० ओहम, अर्धा वॅट हा रोधक योग्य ठरतो.

ऊर्जा वाचवण्यासाठी तीन पांढरे एलईडी एकसर जोडल्यास त्यांवर ९.६ व्होल्ट राहतात आणि रोधकासाठी फक्त २.४ व्होल्ट उरतात. १२ व्होल्ट गृहीत धरून १२० ओहमचा रोधक लावला, तर १४.४ व्होल्टला धारा दुप्पट, म्हणजे ४० मिलिॲम्पिअर होते व एलईडी लवकर निकामी होतात. २७० ओहम लावल्यास कमाल धारा सुमारे १८ मिलिॲम्पिअर राहते, मात्र १२ व्होल्टला ती ९ मिलिॲम्पिअरपर्यंत उतरून प्रकाश मंदावतो. म्हणून रोधक नेहमी पुरवठ्याच्या कमाल विभवांतरासाठी काढावा. दोन्ही टोकांना समान प्रकाश हवा असल्यास स्थिर धारा देणारा परिपथ वापरावा लागतो.

विभवविभाजक

दोन रोधक एकसर जोडून त्यांच्या सांध्यापासून विभवांतर घेतल्यास त्या जोडणीस विभवविभाजक म्हणतात.

निर्गत विभवांतर = पुरवठा × खालचा रोध ÷ (वरचा रोध + खालचा रोध)

मातीतील ओल मोजण्याच्या साध्या उपकरणात वरचा रोध ठरावीक असतो आणि खालच्या रोधाच्या जागी मातीत रोवलेल्या दोन सळ्या असतात. पुरवठा ५ व्होल्ट व वरचा रोध १० किलो-ओहम मानू. कोरड्या मातीचा रोध ४० किलो-ओहम असेल तर निर्गत विभवांतर ४ व्होल्ट येते. ओल्या मातीचा ५ किलो-ओहम असेल तर ते सुमारे १.७ व्होल्ट येते.

हे सूत्र सांध्यापासून नगण्य धारा घेतली जात असेल तरच खरे ठरते. कोरड्या मातीच्या स्थितीत सांध्याला १० किलो-ओहम रोधाचा परिपथ जोडला, तर तो ४० किलो-ओहमला समांतर येऊन एकूण ८ किलो-ओहम होतात आणि निर्गत विभवांतर ४ व्होल्टऐवजी २.२ व्होल्ट दिसते. माती कोरडी असूनही उपकरण ती ओली असल्याचे दाखवते. पुढील परिपथाचा आगत रोध विभाजकातील रोधांच्या किमान दहापट असावा, असा संकेत यासाठीच आहे. सळ्यांना सतत सरळ धारा दिल्यास विद्युत अपघटनामुळे त्या झिजतात. म्हणून मोजणीपुरताच क्षणभर पुरवठा देणे इष्ट असते.

ट्रान्झिस्टर: स्विच म्हणून

संग्राहक धारा = धारालाभ × आधार धारा

१२ व्होल्टच्या रिलेच्या वेटोळ्याचा रोध ४०० ओहम असल्यास त्याला ३० मिलिॲम्पिअर धारा लागते. धारालाभ १०० असेल तर ०.३ मिलिॲम्पिअर आधार धारा पुरेशी भासते. प्रत्यक्षात धारालाभ नगागणिक व तापमानानुसार बदलतो. स्विच पूर्णपणे चालू व्हावा म्हणून लाभ १० मानून ३ मिलिॲम्पिअर आधार धारा घेतात. ५ व्होल्टच्या संकेतासाठी आधार रोध (५ − ०.७) ÷ ०.००३ = सुमारे १,४३० ओहम येतो. येथे पुरेशी धारा मिळणे महत्त्वाचे असल्याने त्याखालचे प्रमाण मूल्य, १.२ किलो-ओहम, निवडतात. रिले बंद होताना वेटोळ्यात निर्माण होणाऱ्या उच्च विभवांतरापासून ट्रान्झिस्टर वाचवण्यासाठी वेटोळ्याला उलट दिशेने डायोड जोडणे आवश्यक असते.

धारित्र आणि कालांक

विद्युतप्रभार = धारिता × विभवांतर
साठलेली ऊर्जा = ½ × धारिता × विभवांतराचा वर्ग
कालांक = रोध × धारिता

रोधकामार्गे प्रभारित होणारे धारित्र एका कालांकात अंतिम विभवांतराच्या सुमारे ६३ टक्के, तर पाच कालांकांत ९९ टक्क्यांहून अधिक पातळी गाठते. ४७० किलो-ओहम आणि २२० मायक्रोफॅरड यांचा कालांक सुमारे १०३ सेकंद येतो. वीज परत आल्यावर शीतकपाट लगेच सुरू होऊ न देणाऱ्या स्टॅबिलायझरमधील विलंब अशा जोडणीने साधता येतो.

ऊर्जेचे सूत्र सुरक्षिततेसाठी महत्त्वाचे आहे. ३२५ व्होल्टला प्रभारित १०० मायक्रोफॅरडच्या धारित्रात सुमारे ५.३ ज्यूल ऊर्जा असते आणि पुरवठा तोडल्यावरही ती तेथेच राहते. त्याला समांतर १०० किलो-ओहमचा रोधक असल्यास कालांक १० सेकंदांचा होतो व सुमारे ५० सेकंदांत धारित्र जवळजवळ रिकामे होते. त्या रोधकावर सततची शक्ती १ वॅटहून किंचित अधिक असल्याने तो २ वॅटचा असावा लागतो.

प्रत्यावर्ती धारा

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे. २३० हे परिणामी मूल्य होय.

कमाल विभवांतर = परिणामी विभवांतर × १.४१४
आवर्तकाल = १ ÷ वारंवारता
धारित्राचा प्रतिरोध = १ ÷ (६.२८ × वारंवारता × धारिता)
प्रवर्तकाचा प्रतिरोध = ६.२८ × वारंवारता × प्रवर्तकता

२३० व्होल्टचे कमाल मूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. ५० हर्ट्झला १ मायक्रोफॅरड धारित्राचा प्रतिरोध सुमारे ३,१८० ओहम, तर १ हेन्री प्रवर्तकाचा सुमारे ३१४ ओहम येतो.

१२ व्होल्टच्या रोहित्राला चार डायोडांचा सेतू जोडल्यास कमाल मूल्य १७ व्होल्ट होते. त्यातून दोन डायोडांवरील १.४ व्होल्ट वजा जाऊन धारित्रावर सुमारे १५.६ व्होल्ट मिळतात. १६ व्होल्टचे धारित्र चालेल असे यावरून वाटते. मात्र पुरवठा २५० व्होल्ट झाल्यास हाच आकडा १७ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून २५ व्होल्ट मर्यादेचे धारित्र घ्यावे.

लहरीचा चढउतार = भारधारा ÷ (२ × वारंवारता × धारिता)

अर्धा ॲम्पिअर भार व २,२०० मायक्रोफॅरड धारित्र असता हा चढउतार सुमारे २.३ व्होल्ट असतो. पुरवठा १८० व्होल्टपर्यंत उतरल्यास धारित्रावरील कमाल दाब ११.९ व व्होल्टलहरीच्या तळाशी सुमारे ९.६ व्होल्ट राहतो. त्यावरून १२ व्होल्टचा स्थिर दाब मिळणे शक्य नसते. दाब कमी असताना ध्वनिवर्धकात घरघर ऐकू येण्याचे हे एक सामान्य कारण आहे.

अनुस्पंदन

प्रवर्तक आणि धारित्र एकत्र जोडल्यास एका विशिष्ट वारंवारतेला दोघांचे प्रतिरोध समान होतात. रेडिओवर केंद्र लावणे याच तत्त्वावर चालते.

अनुस्पंदन वारंवारता = १ ÷ (६.२८ × प्रवर्तकता व धारिता यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ)
तरंगलांबी = प्रकाशाचा वेग ÷ वारंवारता

आकाशवाणीच्या परभणी केंद्राची मध्यमलहरी वारंवारता १३०५ किलोहर्ट्झ असून तरंगलांबी सुमारे २२९.७ मीटर येते. धारित्र १०० पिकोफॅरडवर असताना हे केंद्र लागावे यासाठी वेटोळ्याची प्रवर्तकता सुमारे १४९ मायक्रोहेन्री असावी लागते.

तारेचा रोध आणि दाबातील घट

तारेचा रोध = रोधकता × लांबी ÷ छेदाचे क्षेत्रफळ

१ चौरस मिलिमीटर छेदाच्या १ मीटर तारेचा रोध तांब्यासाठी सुमारे ०.०१७ ओहम व ॲल्युमिनियमसाठी सुमारे ०.०२८ ओहम असतो. लहान परिपथात तो नगण्य मानता येतो, शेतातील लांब केबलमध्ये नाही.

पेडगावच्या शिवारात एखादी विहीर मीटरपासून २०० मीटरवर आहे आणि तेथील एक अश्वशक्तीचा सिंगल फेज पंप ७ ॲम्पिअर धारा घेतो, असे मानू. धारा जाऊन परत येत असल्याने तारेची लांबी ४०० मीटर धरावी लागते.

२.५ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम: रोध ४.४८ ओहम, घट सुमारे ३१ व्होल्ट
२.५ चौरस मिलिमीटर तांबे: रोध २.७२ ओहम, घट सुमारे १९ व्होल्ट
४ चौरस मिलिमीटर तांबे: रोध १.७ ओहम, घट सुमारे १२ व्होल्ट

पहिल्या प्रकारात मीटरवर २३० व्होल्ट असूनही पंपाला सुमारे २०० व्होल्टच मिळतात आणि केबलमध्ये सुमारे २२० वॅट शक्ती वाया जाते. सहा तासांत ती १.३ युनिट होते. मीटरवरच दाब २०० व्होल्ट असेल, तर पंपापाशी तो १७० व्होल्टच्या आसपास येतो. प्रवर्तन मोटरचे आघूर्ण, म्हणजे फिरवण्याचे बल, विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. भार तोच राहिल्याने मोटर अधिक धारा ओढते, तारेतील घट आणखी वाढते व वेटोळी तापून जळू शकतात. येथील गणितात मोटरच्या धारेचा कलाफरक विचारात घेतलेला नाही, म्हणून ही उत्तरे अंदाजी आहेत.

भूसंपर्कन

भूसंपर्कन, म्हणजे अर्थिंग, किती परिणामकारक आहे हे ओहमच्या नियमानेच ठरते.

दोषधारा = विभवांतर ÷ दोषमार्गाचा एकूण रोध

पंपाच्या धातूच्या आवरणाला फेजचा स्पर्श झाला आणि पंपाकडील भूसंपर्काचा रोध ४५ ओहम व रोहित्राकडील ५ ओहम असेल, तर २३० ÷ ५० = ४.६ ॲम्पिअर धारा वाहते. १० ॲम्पिअरची वितळतार, म्हणजे फ्यूज, या धारेने वितळत नाही. दोन्ही भूसंपर्क मिळून विभवविभाजक तयार होतो आणि पंपाच्या आवरणावर २३० × ४५ ÷ ५० = २०७ व्होल्ट दाब राहतो. अर्थिंगची तार जोडलेली असूनही पंपाला हात लावणे जिवावर बेतू शकते. ओल्या त्वचेच्या शरीराचा रोध सुमारे १,००० ओहम मानल्यास शरीरातून २०० मिलिॲम्पिअरहून अधिक धारा जाते व ती प्राणघातक ठरू शकते.

मराठवाड्यातील काळी कापसाची जमीन वाळल्यावर आकुंचन पावते व तिला भेगा पडतात. त्यामुळे उन्हाळ्यात सळई आणि माती यांचा संपर्क सैल होऊन रोध वाढतो. भूसंपर्काच्या खड्ड्यात ओल टिकवणे, एकाहून अधिक सळया समांतर जोडणे आणि ३० मिलिॲम्पिअर गळतीला पुरवठा तोडणारा आरसीसीबी बसवणे हे उपाय वरील सूत्रांशी सुसंगत आहेत. आरसीसीबी फेज व न्यूट्रल यांतील धारांचा फरक पाहतो. किर्खहोफच्या पहिल्या नियमानुसार हा फरक जमिनीत गेलेल्या धारेइतका असतो. त्यामुळे वितळतार जेथे निरुपयोगी ठरते, त्या ४.६ ॲम्पिअरच्या दोषधारेला तो तत्काळ प्रतिसाद देतो.

रोधकावरील रंगसंकेत

रोधकावरील रंगपट्ट्यांचे अंक पुढीलप्रमाणे आहेत: काळा ०, तपकिरी १, तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. चार पट्ट्यांच्या रोधकात पहिले दोन पट्टे अंक, तिसरा त्यापुढील शून्यांची संख्या आणि चौथा अचूकता दर्शवतो. सोनेरी पट्टा ५ टक्के व रुपेरी १० टक्के कमीअधिक मूल्य सुचवतो. पिवळा, जांभळा, तपकिरी, सोनेरी म्हणजे ४७० ओहम, ५ टक्के. त्याचे प्रत्यक्ष मूल्य ४४६.५ ते ४९३.५ ओहम यांदरम्यान कोठेही असू शकते. १० टक्के श्रेणीतील प्रमाण मूल्ये १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ आणि त्यांच्या दशपटी अशी आहेत.

वापरताना घ्यावयाची दक्षता

सूत्रातील पुरवठ्याचे विभवांतर हे लेबलावरील नसून प्रत्यक्षातील किमान व कमाल मूल्य असावे. धारेची मर्यादा कमाल विभवांतरासाठी आणि उपकरणाची कार्यक्षमता किमान विभवांतरासाठी तपासावी. रोधकाची वॅटमर्यादा काढलेल्या शक्तीच्या दुप्पट व धारित्राची व्होल्टमर्यादा अपेक्षित दाबाच्या सुमारे दीडपट ठेवण्याचा प्रघात आहे. रोध मोजताना परिपथाचा पुरवठा बंद व धारित्रे रिकामी असावीत. मल्टिमीटर धारामापनावर असताना त्याचा रोध अत्यल्प असतो, म्हणून तो परिपथात एकसर जोडावा. बॅटरीच्या दोन टोकांना थेट लावल्यास लघुपथन होते. नवशिक्यांनी प्रयोग १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाबाच्या सरळ धारेवर करावेत.

हे सुद्धा पहा

ओहमचा नियम
विद्युतधारा
धारित्र
ट्रान्झिस्टर
प्रत्यावर्ती धारा
परभणी जिल्हा